दहाव्या नंबरचे मोदक

जगातली विद्यापीठं कोण मोजतं, कशी मोजतं आणि मोजताना कुठे कुठे घोळ घालतं, हे अख्ख्या ग्वाल्हेरात नीट समजलेली एकच व्यक्ती आहे आणि ती म्हणजे यशश्री सुर्वे, असं यशश्री सुर्वेचं स्वतःचं मत होतं. मत अगदी ठाम होतं! लश्कर भागातल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवातल्या वादविवाद स्पर्धेची फिरती ढाल आपल्याच घरी येणार, हे तिने इतकं धरून ठेवलं होतं, की बैठकीतल्या कपाटावरची फुलदाणी काढून तिने ढालीसाठी जागासुद्धा करून ठेवली होती.

मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा लाजायची. तिला तोंड उघडायला शिकवलं लीलाताई भागवतांनी. लीलाताई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नया बाजारात, सुर्व्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रोज संध्याकाळी त्या यशश्रीला गॅलरीत उभी करायच्या आणि म्हणायच्या, “बोल. खाली केळीवाल्याने मान वर केली, की समजायचं ऐकू गेलं.” पहिले दोन महिने केळीवाल्याने मान वर केली नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने मान वर करून विचारलं, “दीदी, सब ठीक तो है?” त्या दिवशी लीलाताईंनी तिला शिरा करून खायला घातला.

“आवाज आला,” त्या म्हणाल्या. “आता हात कमी हलव. तू भाषण करते आहेस, माश्या हाकत नाहीस.”

यंदाचा विषय होता ‘जागतिक विद्यापीठ क्रमवारी न्याय्य आहे’. यशश्रीला बोलायचं होतं विरोधात, आणि ती चिठ्ठी निघाली तेव्हा तिला देवच पावला. कारण तिच्या घरात ही क्रमवारी कुलदैवताच्या खालोखाल मानली जात होती! तिचा चुलत भाऊ अंबरीश परदेशात शिकायला गेल्यापासून तिचे बाबा, म्हणजे बळवंतराव, भेटेल त्याला सांगत सुटले होते.

“आमचा अंबरीश बाहेर शिकतो. दोनशे बारा!”

“अरे वा! काय शिकतो?”

“ते... डेटाचं काहीतरी आहे. पण जगात दोनशे बारावं!”

समोरचा माणूस बिचारा मान डोलवायचा. अंबरीशला तिथे जेवायला काय मिळतं, मास्तर बरे आहेत का, हे कोणालाच माहीत नव्हतं. एवढंच काय, अंबरीश हे नावसुद्धा हळूहळू मागे पडत चाललं होतं. “दोनशे बाराचा फोन आला होता का?” असं बाबा परवा आईला विचारत होते!

तर यशश्रीने अभ्यास केला. तिला कळलं, की या क्रमवाऱ्यांत बरेच गुण नुसत्या नावलौकिकाला असतात. म्हणजे लोकांना विचारायचं, कोणतं विद्यापीठ चांगलं? आणि लोकही बेधडक सांगतात, न पाहिलेल्या विद्यापीठांबद्दलसुद्धा! मग परदेशी विद्यार्थी किती, त्याचे गुण. इतरांनी आपल्या लेखांचा उल्लेख किती वेळा केला, त्याचे गुण. शिकवणारे किती आणि शिकणारे किती, त्याचे गुण. वर्गात बसलेल्या पोराला खरंच काही समजलं का, हे विचारायला मात्र जवळजवळ कोणी जातच नाही.

पण हे असं कोरडं सांगितलं तर मंडळातली माणसं पहिल्या मिनिटाला डुलक्या घेतील. उदाहरण हवं होतं. जिव्हाळ्याचं. आणि मंडळाच्या जिव्हाळ्याचं काय, तर मोदक!

मंडळाची रीत अशी, की दहा दिवस दहा घरांनी नैवेद्याचे मोदक करायचे. नऊ दिवस एकेका घराचे एकवीस. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, एकशे एक्कावन्न. तो शेवटचा मान लीलाताईंचा. सत्तावीस वर्षांचा! नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तो त्यांनी चुकवला नव्हता. एकट्या बाईकडे वर्षभरात फारसं कोणी येत नाही. पण त्या दिवशी त्यांचं तांब्याचं मोठं मोदकपात्र मंडळाच्या दारात उतरलं, की अख्खं मंडळ उठून उभं राहायचं. वर्षातला तेवढाच एक दिवस लीलाताई रेशमी नेसायच्या.

यशश्रीने ठरवलं, की जगाचेच नियम लावून या दहा घरांच्या मोदकांची क्रमवारी लावायची. नावलौकिकाला चाळीस गुण: नऊ घरांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, मोदक कोणाचे? उल्लेखांना तीस: मंडळाच्या ग्रुपवर कोणाच्या मोदकांचं नाव किती वेळा निघालं? परदेशी खाणाऱ्यांना वीस. आणि करणारे हात भागिले खाणारी तोंडं, याला दहा. चवीला शून्य. चवीचा रकानाच नाही!

कॅल्क्युलेटर बडवून बडवून तिने तक्ता केला आणि निकाल पाहून ती पलंगावर उडीच मारणार होती. पहिला नंबर सुर्वे, ८७.४! कारण मागच्या वर्षी अंबरीशबरोबर त्याचा ब्राझीलचा मित्र आला होता आणि त्याने दीड मोदक खाल्ला होता. (उरलेला अर्धा नंतर तुळशीच्या कुंडीत सापडला, पण कुंडीला गुण नव्हते.) दुसरा नंबर मुरार भागातल्या उषाताई, ८६.८. आणि दहावा, म्हणजे शेवटचा नंबर, लीलाताई भागवत, १९.२! त्यांच्याकडे परदेशी पाहुणा नाही, करणारे हात दोनच, आणि फोन बटणांचा, त्यामुळे ग्रुपवर त्या नाहीतच, आणि ग्रुपवर नसलेल्याचं नाव विचारल्यावर कोणाला सुचत नाही.

याहून झकास पुरावा कुठे मिळणार? ज्यांच्या मोदकांसाठी लोक अनंत चतुर्दशीची वाट पाहतात, त्या सगळ्यात शेवटी! ‘जो नियम लीलाताईंना दहावं ठरवतो, तो नियमच खोटा!’ असं म्हणायचं, थांबायचं आणि टाळ्या घ्यायच्या. टाळ्यांसाठी तिने भाषणात सहा सेकंद राखून ठेवले होते. लीलाताईंना मात्र यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना स्टेजवरूनच चकित करायचं होतं.

इथपर्यंत सगळं छान होतं.

स्पर्धेत तक्ता दाखवायचा असेल तर तो आधी अध्यक्षांकडे द्यायचा, असा नियम. अध्यक्ष पांडुरंगराव सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेले. चौथ्या दिवशी आरतीनंतर यशश्रीने त्यांना दोन कागद दिले. पहिल्या कागदावर तक्ता होता. तो तक्ता कसा चुकीचा आहे, ते दुसऱ्या कागदावर होतं.

पांडुरंगरावांनी पहिला कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत वाचला.

“सत्याऐंशी पॉइंट चार,” ते हळूच म्हणाले. “पॉइंट चार! बेटा, हे तू केलंस?”

“हो काका, पण दुसरं पान...”

“मेहनत केल्याशिवाय पॉइंट येत नाही, यशश्री. चाळीस वर्षांत मी हेच पाहिलं.”

आणि त्यांनी पहिल्या कागदावर मंडळाचा शिक्का मारला, तो फलकावर लावला, त्याचा फोटो काढला आणि ‘मराठी मंडळ लश्कर (सुप्रभात पाठवू नये)’ या ग्रुपवर टाकला. दुसरा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. तो बहुतेक पुढे कपड्यांबरोबर धुतला गेला.

अर्ध्या तासात यशश्रीचा फोन तापला.

“यशु, मी उषाताई बोलते आहे. आम्ही पॉइंट सहाने मागे का?”

“काकू, ते एक उदाहरण आहे, खरं नाहीये ते!”

“हो हो, ते ठीकच आहे. पण पॉइंट सहा कुठे गेले?”

“परदेशी पाहुण्यांत गेले, काकू.”

“मग माझी नणंद इंदूरहून आली होती की! चार मोदक खाल्ले तिने.”

“काकू, इंदूर परदेशात नाही.”

“अगं, तिचं वागणं बघशील तर परदेशी परवडले!”

दुसऱ्या दिवशी उषाताई स्कूटीवर डबा ठेवून थेट किल्ल्यावर गेल्या आणि तिथे फिरायला आलेल्या दोन गोऱ्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांनी मोदक भरवले. पुरावा म्हणून फोटो! फोटोत एक म्हातारा हसत होता आणि दुसरा मोदक कुठून खायचा ते शोधत होता. ग्रुपवर लगेच बिर्ला नगरच्या शरच्चंद्र काकांचा संदेश आला, की पर्यटक धरले तर गिरणीच्या जमान्यात आमच्या चाळीत एक इंग्रज फिटर राहून गेला होता, त्याचेही गुण मिळावेत. तो फिटर नक्की केव्हा होता, असं कोणीतरी विचारलं. काका म्हणाले, वडिलांच्या वेळी.

त्याहून भयंकर प्रकार उल्लेखांचा झाला. उल्लेखाला गुण आहेत हे कळताच ग्रुपवर पूर आला! “उषाताईंच्या मोदकांची आठवण येते आहे.” “शरच्चंद्र काकांच्या घरच्या मोदकांना तोड नाही.” एरवी एकमेकांच्या दारातली रांगोळीसुद्धा न पाहणारी माणसं एकमेकांच्या सारणाचे गोडवे गाऊ लागली. नंतर कळलं, की आतून फोनाफोनी चालू होती: तुम्ही आमचं नाव दिवसातून तीनदा घ्या, आम्ही तुमचं तीनदा घेतो. उषाताईंचा मुलगा समरजीत, जो स्पर्धेत यशश्रीच्या विरुद्ध बोलणार होता, तो तिला शाळेत म्हणाला, “यार यशु, तूने तो कमाल कर दिया! मम्मीने रात की रोटी बंद केली आहे. फक्त उल्लेख करत बसते.”

यशश्री धावत पांडुरंगरावांकडे गेली.

“काका, तो तक्ता काढा ना, प्लीज! मी सच सांगते, तो चूक आहे. चूक आहे हे दाखवायलाच मी तो केला होता!”

पांडुरंगरावांनी तिच्याकडे फार कौतुकाने पाहिलं. “स्वतःचं घर पहिलं आलं म्हणून संकोच वाटतो, होय ना? हा विनय चांगला आहे. पण आकड्यांपुढे विनयाचं चालत नाही, बेटा.”

आणि सहाव्या दिवशी कार्यकारिणीची बैठक झाली. त्यात एकमताने ठरलं, की सारं जग गुणवत्तेवर चाललं असताना मंडळाने मागे राहू नये. शेवटच्या दिवसाचा मान यंदापासून पहिल्या नंबरच्या घराला. एकशे एक्कावन्न मोदक: सुर्वे.

बाबांनी पेढे वाटले. “दोनशे बारा ठीक आहे,” ते शेजाऱ्यांना म्हणत होते, “पण पहिला तो पहिला!” आई मात्र ती बातमी ऐकून खुर्चीत बसली ती उठलीच नाही. आई, म्हणजे राजलक्ष्मी, एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि माणसांचे अडकलेले खांदे सहज मोकळे करायची. पण त्या दिवशी तिचे स्वतःचे खांदे कानापर्यंत चढले होते.

यशश्रीला वाटलं, आई दमली असेल. तिला स्वतःला लीलाताईंकडे जायचं धाडस होत नव्हतं. एक दिवस ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

आठव्या दिवशी दुपारी दारात ई-रिक्षा थांबली. तिच्यातून आधी तांब्याचं मोदकपात्र उतरलं, चिंच लावून लखलखीत घासलेलं. मागून लीलाताई उतरल्या. पायऱ्या चढून दम लागला होता, तरी त्यांनी ते कोणाला धरू दिलं नाही.

“एकशे एक्कावन्नाला घरातलं भांडं पुरायचं नाही, राजलक्ष्मी,” त्या म्हणाल्या. “हे राहू दे. झाकण थोडं डावीकडे बसतं, तेवढं सांभाळ.”

यशश्री दाराच्या आड होती. ती पुढे आली.

“ताई, मला तसं नव्हतं म्हणायचं. खरंच! तुमचा दहावा नंबर चूक आहे, हेच मी सांगणार होते. टाळ्यांची जागा पण ठेवली होती...”

“दहावी आले त्याचं मला काही नाही, बाळ. इतकी वर्षं गणित शिकवलं. दहा जण असले की कोणीतरी दहावं असतंच.” लीलाताईंनी पदराने कपाळ टिपलं. “पण नऊ घरांना विचारलंस. दहाव्या घरी तर तू रोज येत होतीस. तिथेच तेवढं विचारायचं राहिलं का गं?”

लीलाताई चहा न घेता गेल्या.

दार लागलं तशी आई मोदकपात्राला टेकून जमिनीवरच बसली आणि रडू लागली.

“आई, रडू नको ना! आपण करू. तुझे मोदक पहिले आलेत!”

“माझे?” आई म्हणाली. “यशु, माझ्या हातचा मोदक तू कधी पाहिलास? मी केला, तर वाफेत ठेवल्याबरोबर त्याचं तोंड उघडतं. आपल्या घराचे मोदक असतात त्या दिवशी मी पहाटे फिरायला म्हणून जाते ना? डबा घेऊन लीलाताईंकडे जाते. सहा वर्षं!”

यशश्रीने मनात तक्ता परत मांडला. म्हणजे ब्राझीलच्या पाहुण्याने खाल्लेला दीड मोदक... वीसपैकी वीस गुण... ८७.४ मधला एक एक पॉइंट लीलाताईंचा होता! पहिला नंबर दहाव्या नंबरनेच केला होता!

“तू कोणाला सांगितलं का नाहीस?”

“मला लाज वाटली. आणि त्यांनीही कधी कोणाला सांगितलं नाही.” आईने नाक पुसलं. “आता तूही सांगू नकोस. तुझ्या बाबांनी पेढे वाटलेत!”

यशश्रीने वचन दिलं. वचन देताना तिच्या लक्षात आलं, की उद्या संध्याकाळी स्पर्धा आहे आणि भाषणात सांगण्यासारखं जे एकमेव खरं आहे, तेच आता सांगता येणार नाही.

नवव्या दिवशी मंडळाचा हॉल तुडुंब भरला होता. एरवी वादविवादाला जेमतेम परीक्षक येतात. पण यंदा क्रमवारीचा विषय आणि दहाही घरं क्रमवारीतली! बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांना वाटलं, ग्वाल्हेरच्या लोकांना उच्च शिक्षणाची केवढी ही कळकळ. आई-बाबा तिसऱ्या रांगेत होते. लीलाताई शेवटच्या रांगेत, दाराजवळ, साध्या सुती साडीत.

समरजीत आधी बोलला. चांगला बोलला. म्हणाला, “क्रमवारीत चुका असतील. पण क्रमवारी नसेल तर गरीब घरच्या मुलाने कोणाला विचारायचं? ज्याचे काका-मामा परदेशात आहेत, त्याला न सांगता माहिती मिळते. ज्याचं कोणी नाही, त्याला निदान यादी तरी मिळते!” हे खरंच होतं, आणि यशश्रीला ते मनातून पटलंसुद्धा, ही आणखी पंचाईत! मग त्याने खिशातून तिचाच तक्ता काढला. “आणि अध्यक्ष महोदय, ज्या म्हणतात क्रमवारी अन्याय्य आहे, त्यांनी स्वतःच ही केली. पहिलं घर कोणाचं? त्यांचंच! अन्याय वाटत होता, तर मान सोडला का? नाही! उद्याचे एकशे एक्कावन्न मोदक त्यांच्याकडेच आहेत!”

हॉल हसला आणि टाळ्या पडल्या. चांगल्या सहा सेकंदांहून जास्त!

यशश्री आपल्या माइकपाशी गेली. पाठ केलेलं भाषण डोक्यातून उडालं होतं. तिने हात पाठीमागे धरले, म्हणजे ते हलणार नाहीत.

“समरजीत बरोबर बोलला,” ती म्हणाली. विरोधी वक्त्याने अशी सुरुवात केलेली परीक्षकांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली. “यादी हवी. पण यादी करणाऱ्याने काय विचारलं, तेही विचारायला हवं. या तक्त्यात मी चार रकाने ठेवले. नाव किती, उल्लेख किती, परदेशी किती, हात किती. मोदक गोड होता का, हे मी विचारलं नाही. आणि मोदक केला कोणी, हेही विचारलं नाही. मी धरून चालले, की ज्याच्या नावावर आहे, त्यानेच केला असणार. मोठी मोठी विद्यापीठं मोजतानाही हेच होत असेल. नाव एकाचं असतं आणि पहाटे उठून काम दुसरंच कोणी करतं. ते दुसरं कोणी कुठल्याच रकान्यात बसत नाही.”

तिने पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले.

“पहिल्या नंबरचे मोदक कोणी केले, ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नाही.”

आणि ती थांबली. टाळ्यांसाठी राखलेले ते सहा सेकंद! एक टाळी पडली नाही. नुसता पंखा फिरत होता. एक, दोन, तीन, चार...

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. आई उभी राहिली.

“लीलाताईंनी,” आई म्हणाली. “आमच्याकडचे मोदक लीलाताई करतात. सहा वर्षं.”

“काय?” बाबा ओरडले. “अगं, मी दरवर्षी म्हणतो, तुझ्या हाताला आईची चव आहे!”

“म्हणता खरे!”

कोणी हसायच्या आत पलीकडून उषाताई उठल्या. “आमचेही त्यांचेच. चार वर्षं.”

“मम्मी, बैठो ना!” समरजीत स्टेजवरून ओरडला, आणि त्याच्यासमोर अजून माइक होता.

मग शरच्चंद्र काका उठले. “आमचं सारण आमचं असतं,” ते म्हणाले, “कळ्या फक्त त्यांच्या.” मग आणखी एक. मग आणखी एक. पांडुरंगराव सवयीने एकेक घर लिहून घेत होते. सातव्या नावाच्या वेळी त्यांच्या पत्नीने शांतपणे त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “हे राहू द्या. सातवं घर आपलंच आहे.”

सात घरं! दहापैकी सात घरांचे मोदक त्या दोन हातांनी केले होते, आणि एका घराला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. सगळ्या माना मागे वळल्या. दाराजवळ लीलाताई उठल्या होत्या आणि चक्क रागावल्या होत्या.

“बसा सगळे!” त्या त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. सगळे बसले, परीक्षकसुद्धा. “स्पर्धा चालू आहे. मुलीची वेळ जाते आहे, कळत नाही का?”

पण वेळ गेली होती. घंटा वाजली. यशश्रीचा समारोप राहिलाच. वेळेत न संपवल्याबद्दल तिचे गुण कापले गेले आणि ढाल समरजीतला मिळाली. फरक पॉइंट चारचा!

घरी आल्यावर यशश्रीने फुलदाणी मुकाट्याने कपाटावर परत ठेवली.

मान अर्थातच लीलाताईंना परत गेला. पांडुरंगरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच फलकावर सुधारित तक्ता लावला, त्यात लीलाताई पहिल्या, गुण शंभर. लीलाताईंनी तो स्वतःच्या हाताने उतरवला. “मी मोदक करते, पांडुरंगराव. परीक्षेला बसत नाही.” आणि मग त्या रेशमी नेसून थेट सुर्व्यांच्या स्वयंपाकघरात आल्या. मोदकपात्र इथेच आहे, ते पुन्हा कोण उचलणार, म्हणाल्या. पाठोपाठ उषाताई आल्या, आणखी दोघी आल्या. कोणीही डबा लपवला नव्हता. आईने नारळ खवायला घेतला. बाबांनी चहा केला आणि तो कितव्या नंबरचा झाला, हे विचारलं नाही.

यशश्री दारात उभी होती.

“हात धू आणि ये,” लीलाताई म्हणाल्या. “एक कर.”

“ताई, कालचं भाषण कसं झालं?”

“हात नाही हलवलेस.” एवढंच म्हणून त्यांनी उकडीचा गोळा तिच्या तळव्यावर ठेवला.

यशश्रीने जीव ओतून मोदक केला. लीलाताईंच्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात. हिच्या मोदकाला मोजून सात पडल्या आणि वाफेतून निघाला तेव्हा तो एका बाजूला कलून तोंड वासून बसला होता, थेट पहिल्या नंबरची बातमी ऐकून खुर्चीत बसलेल्या आईसारखा. ती तो उचलायला गेली. लीलाताईंनी तिचा हात अडवला आणि त्याला इतर एकशे पन्नासांच्या मध्ये बसवलं.

“राहू दे. पुढच्या वर्षी आठ पडतील.”

आरती झाली, नैवेद्य झाला. पहिला प्रसाद अध्यक्षांचा, ही मंडळाची रीत. ताट पांडुरंगरावांपुढे गेलं. त्यांनी डोळे मिटून हात घातला, आणि बरोबर तोच उचलला! पांडुरंगरावांनी घास घेतला. सारण त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. ते हळूहळू चावत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं.

“वा!” ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. “लीलाताई, याला म्हणतात तुमचा हात! लाखांत ओळखू येतो. शंभरपैकी शंभर!”

लीलाताईंनी यशश्रीकडे पाहिलं. यशश्रीने लीलाताईंकडे पाहिलं. क्रमवारी कशी ठरते याचा याहून नामी पुरावा मिळणं शक्य नव्हतं. उठून सांगितलं असतं, तर सगळा हॉल तिच्या बाजूने झाला असता.

पण स्पर्धा तर कालच संपली होती. आणि खरं सांगायचं, तर शंभरपैकी शंभर काही रोज रोज मिळत नाहीत. यशश्री गप्प बसली.